एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, की एअर ड्रायर बसवायचा?

जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. अशा बसचे ब्रेक टाकीत साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा थंड झाली की बाष्पाचं पाणी होतं; ते टाकी गंजवतं, व्हॉल्व्ह अडकवतं.

खर्च पाहिला तर ड्रेन कॉक, म्हणजे टाकीच्या तळाची पाणी काढायची तोटी, जवळपास फुकट. तो गाडीला असतोच. मेहनत मात्र रोजची. आधी चाकांना ठोकळे लावा, कारण कॉक उघडून हवा गेली की पायाचा ब्रेक उरत नाही. मग कॉम्प्रेसरनंतरच्या पहिल्या टाकीपासून सुरुवात करा.

ड्रायरला सुरुवातीचा खर्च, पाइपची नवी जोडणी, शिवाय ठरावीक काळाने त्यातलं ओलावा शोषणारं कार्ट्रिज बदलणं. पण ओलावा टाकीत पोचण्याआधीच बराचसा अडतो.

दोष ओळखण्यात मला कॉकच मोलाचा वाटतो. पाण्यासोबत काळपट तेल आलं, तर कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्या. अशा कॉम्प्रेसरपुढे नवा ड्रायर बसवणं म्हणजे पैसे वाया. तेलाने कार्ट्रिज लवकर निकामी होतं. आधी कॉम्प्रेसर दुरुस्त करा.

अधूनमधून सपाटीवर फिरणाऱ्या बसला कॉक पुरे. सतत लांब पल्ला किंवा लडाखची थंडी, जिथे हवेच्या लाइनमधलं पाणी गोठतं, तिथे ड्रायरच हवा. तरी कॉक अधूनमधून उघडून बघाच.