लहान कॉन्टॅक्ट व्हील्स: आठ महिने वापरल्यानंतर

सुऱ्या बनवताना बेल्ट ग्राइंडरवर आठ महिने झाले लहान कॉन्टॅक्ट व्हील्स, म्हणजे घासायचा फिरता बेल्ट ज्यांच्यावरून वळतो ती छोटी चाकं, वापरतोय, तोवर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं कारण पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवी गोष्ट भारीच वाटते. या काळात २२ सुऱ्या पूर्ण झाल्या आणि त्यातल्या १९ सुऱ्यांना कुठे ना कुठे ही व्हील्स लागली, कधी मुठीच्या पुढच्या बोटाच्या खाचेला, कधी मुठीच्या पोटाला, कधी गार्डच्या, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीच्या, आतल्या बाकाला. आधी हेच काम मी गोल कानशीने आणि सळईवर पॉलिश पेपर गुंडाळून करायचो, एका खाचेला दीड तास सहज जायचा आणि एवढं करूनही खाच दोन्ही बाजूंनी सारखी येईलच असं नाही.

मशीन दोन बाय बहात्तरचं आहे, म्हणजे ५० मिमी रुंद आणि साधारण १८३० मिमी लांब बेल्टचं, दीड किलोवॅटची मोटार, व्हीएफडी (मोटारचा स्पीड हर्ट्झमध्ये कमी-जास्त करायचा कंट्रोलर) आणि मोटारवरचं, बेल्ट ओढणारं १२५ मिमीचं ड्राइव्ह व्हील. सेटमध्ये पाच व्हील्स आणि एक होल्डर आला: दोन इंची, एक इंची, पाऊण इंची, अर्धा इंची आणि तीन सुताचं. दोन इंची आणि एक इंचीवर रबर आहे, बाकीची तीन सरळ स्टीलची, कारण एवढ्या बारीक व्यासात मधे दांडा, त्यावर बेअरिंग आणि वर पुन्हा रबराचा थर द्यायला जागाच उरत नाही. रबर ७० ड्युरोमीटरचं (कडकपणाचं माप) आहे, नख रुतत नाही इतपत कडक. घेताना मला वाटलं होतं की अर्धा इंचीच सगळ्यात जास्त लागेल, प्रत्यक्षात माझं निम्म्याहून जास्त काम पाऊण इंचीवर होतं, त्याखालोखाल दोन इंचीवर. तीन सुताचं व्हील आठ महिन्यांत दोनदा लावलं.

साइझ निवडताना एक हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो आधी कळला असता तर पहिली दोन पाती वाया गेली नसती. खाचेचा गोलावा व्हीलएवढा येत नाही, व्हील अधिक बेल्टची जाडी एवढा येतो. माझा ६० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक) बेल्ट कॅलिपरने जवळपास एक मिमी भरला, म्हणजे १९ मिमीच्या व्हीलवर खाच येते २१ मिमीची. मी टेम्प्लेट १९ च्या गोलाने आखलं होतं, खाच मूठीच्या पिनेकडे एक मिमी सरकली आणि पुढची कड इतकी पातळ झाली की ते पातं बाजूलाच ठेवावं लागलं. आता मी व्हीलवर बेल्टचा तुकडा गुंडाळून त्याचा व्यास मोजतो आणि तेवढाच गोल टेम्प्लेटवर आखतो.

याचाच दुसरा परिणाम जास्त त्रासदायक आहे. बारीक ग्रिटचा बेल्ट जाड ग्रिटपेक्षा पातळ असतो, त्यामुळे ६० ने केलेल्या खाचेत ४०० घेऊन गेलात तर तो फक्त तळाला टेकतो, बाजूच्या भिंतींवर ६० च्या रेघा तशाच राहतात आणि तुम्ही तळ घासत बसता, खाच खोल होत जाते पण रेघा काही जात नाहीत. मला हे समजायला महिना लागला, मी बेल्टलाच दोष देत होतो. आता बारीक ग्रिटवर पातं एका जागी दाबून धरत नाही, खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच झुलवतो, म्हणजे एक भिंत, मग तळ, मग दुसरी भिंत, न थांबता. खाचेला मार्करने काळं करून घेतलं की कुठे लागतंय आणि कुठे सुटतंय ते लगेच दिसतं.

आता स्पीड, कारण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. मोटारचा स्पीड गुणिले ड्राइव्ह व्हीलचा व्यास भागिले लहान व्हीलचा व्यास, एवढं साधं गणित आहे. माझी मोटार पूर्ण स्पीडला, म्हणजे ५० हर्ट्झला, २८८० आरपीएम फिरते, मग दोन इंची व्हील जवळपास ७,१०० ने फिरतं, एक इंची १४,२०० ने, पाऊण इंची १८,९०० ने आणि अर्धा इंची २८,३०० ने. बेल्ट तोच, स्पीडही तोच, पण बिचाऱ्या बेअरिंगच्या वाट्याला काय येतं ते बघा. दोन इंची व्हीलमध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग आरामात बसतं, पण ६०८ चा बाहेरचा व्यासच २२ मिमी, म्हणजे अर्धा इंची व्हीलच्या पोटात ते मावणारच नाही, तिथे अगदी बारीक बेअरिंग येतं, बारीक गोळ्या आणि चिमूटभर ग्रीस. त्यात बेल्ट व्हीलला वळसा घालून परत जातो, दोन्ही पदर एकाच दिशेला ओढतात, म्हणजे बेल्टला जेवढं टेन्शन दिलंय त्याच्या जवळपास दुप्पट भार त्या दांड्यावर पडतो.

मी पहिले सहा आठवडे हे काहीच न बघता प्लॅटनवर (बेल्टमागच्या सपाट आधारपट्टीवर) चालवतो तसंच चालवलं, तोच स्पीड आणि तेच टेन्शन. सातव्या आठवड्यात अर्धा इंचीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला, मला वाटलं बेल्टच्या जॉइंटचा असेल, मशीन बंद करून बोट लावलं तर चटका बसला. बेअरिंग खोललं तर ग्रीस काळं आणि घट्ट झालेलं, हाताने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरत होतं. दोन्ही बेअरिंगं बदलली आणि तेव्हापासून अर्धा इंची आणि पाऊण इंची कधीच १५ ते २० हर्ट्झच्या वर नेत नाही, १५ हर्ट्झला अर्धा इंची साधारण ८,५०० ने फिरतं, आवाज शांत आणि काम हातात राहतं. टेन्शनही बेल्ट घसरणार नाही इतपतच ठेवतो. ज्यांच्याकडे व्हीएफडी नाही त्यांना मी मनापासून सांगेन की एक इंचीच्या खाली जायच्या आधी स्पीड कमी करायची सोय करा, पुली बदलून का होईना.

बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचं घ्यावं की रबर सीलचं, यावरही बराच विचार केला. पत्र्याचं झाकण आतल्या रिंगला घासत नाही त्यामुळे हलकं फिरतं आणि जास्त स्पीड सोसतं, पण फटीतून स्टीलची धूळ आत शिरते. रबर सील धूळ अडवतं पण घासून गरम होतं. मी कमी स्पीडला चालवत असल्यामुळे आता रबर सीलचंच वापरतो, पाच महिने झाले तीच जोडी चालू आहे. आणि काम झाल्यावर कंप्रेसरची हवा थेट बेअरिंगवर मारायची सवय असेल तर ती सोडा, धूळ बाहेर जाण्याऐवजी आतच ढकलली जाते, मी ब्रशने झटकतो.

बेल्टबद्दल. जाड कापडाचे सिरॅमिक बेल्ट, ज्यांच्यावर आपण बेव्हल, म्हणजे धारेकडचा उतार, पाडतो, ते लहान व्हीलवर चालवू नका. ते कडक पाठीचे असतात, एवढ्या छोट्या वळणावर नीट वळत नाहीत, व्हीलवर आदळत राहतात आणि दाणे तडकून पडतात, माझा एक जवळपास नवा बेल्ट अर्धा इंचीवर दहा मिनिटांत टक्कल पडल्यासारखा झाला. इथे जे-फ्लेक्स म्हणतात तो मऊ सुती पाठीचा बेल्टच लागतो. जॉइंटही बघून घ्या, एकावर एक चढवलेला जॉइंट असेल तर प्रत्येक फेरीला टक-टक धक्का बसतो आणि पाऊण इंचीवर तो धक्का खाचेत आडव्या लाटांसारखा उमटतो, उजेडात तिरकं धरलं की स्पष्ट दिसतो. टोकाला टोक लावून मागून टेप मारलेल्या जॉइंटचे बेल्ट घ्यायला लागल्यापासून या लाटा जवळपास बंद झाल्या. जे-फ्लेक्सचा आणखी एक फायदा म्हणजे कडेला ब्लेडने छोटा छेद देऊन हाताने उभा फाडला की सरळ फाटतो, मी दोन इंची बेल्टचे दोन एक इंची करून घेतो, गार्डच्या आतल्या बाकासारख्या अडचणीच्या जागी ते फार कामाला येतात.

चार मिमी जाडीचं पातं लावलं तर ५० मिमी रुंद बेल्टची फक्त चार मिमीची पट्टी काम करते आणि सगळा दाब तिथेच, त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, तेवढीच पट्टी झिजते, म्हणून मी डाव्या कडेपासून सुरू करून सरकत जातो, एका बेल्टमध्ये सात-आठ खाचा होतात. दुसरी म्हणजे उष्णता, आणि ती कल्पनेपेक्षा फार लवकर चढते. एका कार्बन स्टीलच्या पात्याला पाणी देऊन, २०० अंशांवर टेम्पर करून (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवून) झालं होतं, खाचेचं फक्त फिनिशिंग बाकी होतं, तीन-चार सेकंद जास्त दाबलं आणि खाचेच्या कोपऱ्याला, धार जिथे सुरू होते नेमकं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग आला. निळा रंग म्हणजे तो भाग ३०० अंशांच्या आसपास गेला, तिथली कडकपणाची पातळी उतरली. डाग घासून काढता येतो, पण नरम झालेलं स्टील घासून कडक होत नाही, ते पातं मी कोणाला दिलं नाही. आता खाच ६० आणि १२० पर्यंत पाणी द्यायच्या आधीच पूर्ण करतो, नंतर फक्त बारीक ग्रिट, उघड्या हाताने, दोन सेकंद घासलं की पाण्यात. हातमोजे नकोतच, बेल्टमध्ये अडकले तर हात ओढला जातो आणि शिवाय पातं किती तापलंय ते बोटाला कळायला हवं.

खाच काटकोनात येत नव्हती ही माझी सगळ्यात जुनी तक्रार, पातं उभं धरून हाताने सरळ ठेवायचं म्हणजे कधी एका बाजूला एक अंश, कधी दुसऱ्या. माझं मशीन आडवं करता येतं, पण लहान व्हीलसाठी ते आडवं करावं हे मला चौथ्या महिन्यात सुचलं. व्हीलचा दांडा उभा होतो, पातं टेबलवर सपाट ठेवायचं आणि पुढे सरकवायचं, खाच आपोआप काटकोनात. टेबल आणि बेल्ट यांच्यातली फट अगदी कमी ठेवायची, पात्याचं टोक त्यात अडकता कामा नये. हा एक बदल मला नव्या व्हीलपेक्षा जास्त उपयोगी पडला, तुमचं मशीन आडवं होत असेल तर आजच करून बघा.

मुठीसाठी दोन इंची रबराचं व्हील मला मनापासून आवडतं. तळहाताच्या खालचा तो हलका बाक, जिथे मूठ हातात बसते की नाही हे ठरतं, तो स्टीलच्या व्हीलवर कडक आणि कापल्यासारखा येतो, रबरावर मऊ वळतो. लाकडाला स्पीड जास्त झाला की करपट वास येतो आणि तपकिरी पट्टे पडतात, ते नंतर हाताने घासून निघता निघत नाहीत. मायकार्टा आणि जी-टेनला (मुठीसाठी वापरतात ते रेझिनमध्ये दाबलेले कापडाचे आणि काचतंतूंचे थर) नीट बसणारा रेस्पिरेटर लावल्याशिवाय मशीन चालू करू नका.

होल्डर घेताना लोक व्हील्स मोजतात, मी आता होल्डरचे हात बघतो. व्हीलला धरणारे दोन्ही हात व्हीलच्या व्यासापेक्षा पुढे आलेले असतील तर मूठ आधी हाताला धडकते आणि बेल्टपर्यंत पोचतच नाही, माझ्या होल्डरचं अर्धा इंचीला तसंच होतं, टोकं घासून बारीक करावी लागली. दांडा ड्राइव्ह व्हीलला समांतर हवा, माझा जरासा तिरका होता, दाब दिला की बेल्ट उजवीकडे पळायचा, ट्रॅकिंगची (बेल्ट डावीकडे-उजवीकडे सरकवायची) नॉब फिरवून तेवढ्यापुरता जागेवर यायचा आणि पुढच्या दाबाला परत पळायचा. शेवटी होल्डरच्या बैठकीखाली एका बाजूला पातळ पत्र्याची शिम घातली, तेव्हा थांबला.

आज घ्यायचं झालं तर सेट घेणार नाही. दोन इंची रबराचं, पाऊण इंची स्टीलचं, चांगल्या हातांचा होल्डर आणि बेअरिंगची एक जादा जोडी, एवढंच. अर्धा इंची नंतर, लहान सुऱ्या करायला लागलात तर. माझं तीन सुताचं व्हील सध्या तेल लावून डब्यात आहे, पुढच्या महिन्यात एका सुरीच्या मागच्या टोकाला बोट घालायची रिंग करायची आहे, तिच्या आतल्या कडेला ते लावून बघणार आहे, १२ हर्ट्झवर.