बॅकब्लेझ (नेटवरून बॅकअप घेणारी सेवा) घरच्या कंप्युटरला कसं आहे, सांगलीतून रिव्ह्यू

आपल्याकडं बॅकअप म्हणजे काय तर एक टीबीची हार्डडिस्क आणायची, सगळं कॉपी मारायचं आणि ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायची. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची, आणि मारुती चौक, हरभट रोडकडं ज्यांचं सामान खाली होतं त्यांचा कंप्युटर आणि ड्रॉवर दोन्ही एकाच पाण्यात. २०२१ ला परत तेच. म्हणून माझी पहिली अट अशी होती की एक कॉपी गावाबाहेर पाहिजे, आपोआप जाणारी पाहिजे, आणि परत आणताना डोक्याला ताप नको.

गूगल ड्राइव्ह आहे की, असं सगळेच म्हणतात. फुकटचे १५ जीबी, त्यातच जीमेल, त्यातच फोटो. आणि मुख्य म्हणजे ते सिंक आहे ओ, इथं फाइल डिलीट झाली की तिथंही होते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग गेली. मुलांचे प्रोजेक्ट आणि थोडे फोटो एवढंच असेल तर १०० जीबीचा प्लॅन घ्या आणि पुढचं वाचायची गरज नाही.

माझ्याकडं टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा, बारशा-लग्नांचे व्हिडिओ, जुन्या पत्रिकांच्या फाइली असला सगळा पसारा, म्हणून बॅकब्लेझ. कंपनी अमेरिकेची, २००७ पासूनची. एक कंप्युटर, कितीही डेटा, २०२३ पासून वर्षाला ९९ डॉलर. स्वस्त नाही, वर कार्डाला इंटरनॅशनल पेमेंट चालू करावं लागतं आणि बँक आपलं कमिशन घेतेच. पण फोल्डर निवडत बसायचं नाही, मागं गपगुमान चालू असतंय, लाईट गेली तरी आली की जिथं थांबलं तिथनं पुढं.

पहिला अपलोड मात्र अंत बघतो. २० एमबीपीएस अपलोड सलग मिळालं तरी ५०० जीबीला ५५ तास, आणि नेटवाला कायम डाउनलोडचाच आकडा सांगतो, तेव्हा पॅकेज घेताना अपलोड किती ते खोदून विचारा.

आता नीट ऐका. बॅकब्लेझ विंडोजचा फोल्डर आणि प्रोग्रॅम फाइल्स घेतच नाही. म्हणजे कंप्युटर मेला तर विंडोज, टॅली सगळं नव्यानं टाकायचं आणि फक्त डेटा परत येणार. टॅलीचा डेटा फोल्डर नेमका कुठं आहे ते एकदा उघडून बघाच, कुणीतरी प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवला असेल तर तो कुठंच जात नाहीये. श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) पण तसंच, फॉन्ट बहुतेक विंडोजच्या फोल्डरमध्ये बसतात, पत्रिकेची फाइल परत येईल पण उघडल्यावर अक्षरांचा चिवडा. फॉन्टचा सेटअप डॉक्युमेंट्समध्ये टाकून ठेवा, विषय संपला.

दुसरं, डिलीट केलेली किंवा बदललेली फाइल ते डिफॉल्टला ३० दिवसच ठेवतंय. सेटिंगमध्ये जाऊन एक वर्ष करता येतं, जादा पैसे लागत नाहीत, मग ३० वर का ठेवलंय देव जाणे. आणि स्वतःची वेगळी एन्क्रिप्शन की (डेटाला कुलूप लावणारा पासवर्ड) लावली तर ती वहीत लिहून वही दुसऱ्या घरी ठेवा, ती विसरली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

रिस्टोरला, म्हणजे डेटा परत आणायला, वेबसाइटवर फोल्डर टिक करायचे, ते झिप बनवतात, मेल येतो, डाउनलोड करायचं. एक फोल्डर मागवून बघितला, मराठी नावांच्या फाइली जशाच्या तशा आल्या. सगळा डेटा डिस्कवर भरून पण पाठवतात, ८ टीबीपर्यंत, डिस्क ३० दिवसांत परत केली की पैसे परत. पण अमेरिकेतनं कुरिअर, मग कस्टम, तो नाद आपल्याला परवडत नाही.

त्यामुळं हार्डडिस्क मी सोडलेली नाही. विंडोजमधलं फाइल हिस्टरी फुकट आहे, रविवारी डिस्क लावायची, झालं की काढून ठेवायची. काढायचीच, कारण व्हायरसनं फाइली लॉक केल्या तर लावून ठेवलेली डिस्कपण त्यात जाते. एखादी एक्सेल बिघडली तर त्यातनं दोन मिनिटांत मिळते, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं. बॅकब्लेझ पुराला, चोरीला.

पाचपैकी चार. घरात दोन-तीन कंप्युटर असतील तर प्रत्येकाचे ९९ वेगळे, तेव्हा महत्त्वाचं सगळं एकाच मशीनवर आणा आणि त्यालाच घ्या.