बीटलच्या पॅनवरची स्पीडस्टर: प्रतिकृतीची पारख
विक्रीला आलेली ही पोर्शे ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती देखणी आहे, रेषा अगदी हुबेहूब उतरल्यात. १९५४ची मूळ गाडी पोलादी. हिची बॉडी फायबरग्लासची, खाली फोक्सवॅगन बीटलची फ्लोअर पॅन, म्हणजे गाडीचा पत्र्याचा तळ. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, ३५६चा २१००. म्हणून पॅन कापून, आखूड करून पुन्हा वेल्ड केलेली असते. खरी परीक्षा तिथेच. गाडी लिफ्टवर घेऊन जोडाची पूर्ण रेघ टॉर्चने पाहा. त्यावर अंडरकोटचा (तळाच्या गंजरोधक लेपाचा) जाड थर असेल तर थोडा खरवडायला सांगा. मालक नको म्हणाला तर सौदा सोडा. बॅटरीखालचा पत्राही अ‍ॅसिडने सडतो.

इंजिन १६०० सीसी, एअर-कूल्ड. भोवतीचे पत्रे आणि रबरी सील जागेवर हवेतच, नाहीतर पंखा इंजिनचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि सिलिंडर हेड तापतात. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर ०.१५ मिमी ठेवा. ऑइल जेमतेम अडीच लिटर मावतं, त्यामुळे दर ५००० किमीला बदला. पेट्रोलचे जुने रबरी पाइप मात्र पहिल्याच दिवशी बदला; इंजिनवर गळती झाली की आग लागते.

दाराला खिडकीच्या काचा नाहीत, नुसते पडदे. पावसात भिजायची तयारी हवी.