माझीच रॅम मला दीड हजाराला

आमचा डेस्कटॉप २०१२ सालचा. दुसऱ्या पिढीतला आय-थ्री प्रोसेसर, एच-६१चा मदरबोर्ड, रॅमचे, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीचे, दोन स्लॉट. एकात ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी, दुसरा रिकामा. काम काय, तर आमच्या गणेश मंडळाचा हिशेब आणि हिच्या भिशीच्या याद्या. पण बटण दाबल्यावर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं.

त्यात ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ असल्या जुन्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. म्हणजे पैसे घालावेत की नाही, इथूनच प्रश्न. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, जास्त खर्च करू नकोस. रॅम घ्यायचीच तर आधी सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून त्यातल्या एसपीडी टॅबचा, म्हणजे रॅमच्या माहितीच्या पानाचा, फोटो पाठव, म्हणजे जोडीला तशीच घेता येईल." फोटो पाठवला. त्यात पट्टीचा कंपनी-नंबर, सिरियल नंबर, कितव्या आठवड्यात बनली हे सगळं दिसतं. भाच्याचं उत्तर यायच्या आतच मी रिक्षात सीपीयू टाकून इंदूरच्या जेल रोडवरचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. उतावळेपणा, दुसरं काय.

दुकानदार गोड. "रेट तो रोज बढ़ रहे हैं भिया, आज डलवा लो." पोराने झाकण काढलं, रिकाम्या स्लॉटमध्ये पट्टी बसवली, मशीन सुरू केलं. पडदा काळा, आणि आतून लांब लांब बीप. "आपकी पुरानी वाली उड़ गई." माझी पट्टी काढून तो "टेस्टर पे देखता हूँ" म्हणत मागच्या खोलीत गेला. सकाळपर्यंत चालणारी रॅम दुपारी बरोबर दुकानात कशी मेली, हे मला विचारावंसं वाटलं नाही. आता कळतं, पट्टी अर्धवट बसवली तरी मशीन तसंच ओरडतं. नीट बसली की टोकाची क्लिप 'टक' करून आपोआप मिटते. तो टक मी ऐकलाच नव्हता.

दहा मिनिटांनी दोन चकचकीत लेबलांच्या, वॉरंटीचं सील लावलेल्या पट्ट्या आल्या. प्रत्येकी १,५०० रुपये, जुनी भंगारात धरून १०० कमी. २,९०० यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी खासगी नावावर. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी अलग लगेगा". मी कागदाच्या चिठोऱ्यावर समाधान मानलं. पडद्यावर ८ जीबी दिसत होते ना!

घरी आलो, आणि चहा पुन्हा पिऊन झाला तरी गोल फिरतंच. भाच्याने फोनवर सांगून मशीनवर टास्क मॅनेजर उघडायला लावला, त्यात काय किती टक्के वापरात आहे ते दिसतं. मेमरी ४० टक्के, डिस्क १००. "मामा, दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तिच्या जागी साधी साटा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली असतीस तर पळालं असतं." हे दुकानात जाण्याआधी घरीच दिसलं असतं. आपली रोजची कामं उघडायची आणि बघायचं. मेमरी नव्वदीला टेकत असेल तर रॅम घ्या, डिस्क शंभरावर अडकली असेल तर रॅमवर पैसे घालू नका.

मग त्याने पुन्हा एसपीडीचा फोटो मागितला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला तो हसतच. पहिल्या स्लॉटमधल्या "नव्या" पट्टीचा सिरियल नंबर आमच्या जुन्या पट्टीचाच! माझी रॅम मागच्या खोलीत लेबल बदलून मलाच दीड हजाराला विकली होती. दुसरीची तारीख १८/१३, म्हणजे २०१३चा अठरावा आठवडा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या आणि मोबाइलमधला आधीचा फोटो घेऊन गेलो. "नंबर तो सबमें सेम आता है भिया." तिथेच काउंटरवर मी नखाने लेबलाचा कोपरा उचकटला. खाली आमचं जुनं लेबल, फोटोतला नंबर छापलेलं. शेजारी तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एकाच्या हातात लॅपटॉप. त्याने तो हळूच पिशवीत परत घातला. दुकानदाराने लगेच गल्ला उघडला आणि १,५०० मोजून दिले, "लड़के से गलती हो गई."

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून बघितला. पलीकडून पहिलाच प्रश्न बिलाचा. माझ्याकडे चिठोरा, त्यावर नुसतं "रैम २ नग".

आणि २०१३वाली? तिच्याबद्दल विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "नई मतलब आपके लिए नई." ती अजून मशीनमध्येच आहे. एसएसडी भाचा दिवाळीला येताना आणणार आहे, पक्क्या बिलासकट.