ठाण्यातल्या रीफ टँकवर डीसी रिटर्न पंप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, हॉलमध्ये 120×50×50 सेंटीमीटरचा रीफ टँक (कोरलचा, खाऱ्या पाण्याचा), खाली कॅबिनेटमध्ये 75×40×40 चा संप, म्हणजे पाणी गाळायची आणि उपकरणं ठेवायची खालची टाकी. एकूण पाणी साधारण 350 लिटर. एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) आणि सॉफ्ट कोरल जास्त, थोडा मॉंटिपोरा (छोट्या पॉलिपचा कठीण कोरल). रिटर्न पंप, म्हणजे संपमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा पंप, 24 व्होल्टचा डीसी, 40 वॉट. खोक्यावर 5000 लिटर प्रतितास आणि कमाल हेड (पाणी चढवायची उंची) 3 मीटर छापलेलं आहे, कंट्रोलरवर वेगाच्या दहा पायऱ्या. याच बांधणीचा पंप बाजारात वेगवेगळ्या नावांनी येतो, म्हणून नावाबद्दल न बोलता बांधणीबद्दल बोलतो. वापर ऑक्टोबर ते जून, म्हणजे त्यात मे महिना आला आणि पावसाची सुरुवातही आली.

खोक्यावरचे 5000 लिटर विसरायचे. तो आकडा पंप शून्य उंचीवर चालवला तरचा. आपल्याला पाणी चढवायचं असतं. उंची मोजायची ती संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. पंप संपच्या तळाशी बसलाय म्हणून तळापासून मोजू नका, पंपावरचं पाणी त्याला आधीच वर ढकलत असतं. इथे ही उंची 1 मीटर 5 सेंटीमीटर आहे. दहाव्या पायरीवर 5 लिटरचा जग 6.3 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी 2850 च्या आसपास. सातव्या पायरीवर 12.5 सेकंद, म्हणजे 1440.

रिटर्नमधून एवढंच पाणी हवं असतं. टँकच्या आकारमानाच्या तासाला तीन ते पाच पट पाणी संपमधून फिरलं की स्किमरला (फेसातून घाण काढणाऱ्या उपकरणाला) आणि हीटरला पुरतं. कोरलना लागणारा प्रवाह टँकमधले वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप) देतात, तो रिटर्नकडून घ्यायला गेलं की ओव्हरफ्लो (टँकमधलं पाणी संपमध्ये उतरवणारी पेटी आणि पाइप) ओरडायला लागतो आणि संपमध्ये बुडबुड्यांचा फेस होतो.

डीसी पंपाच्या बाबतीत एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात घटतं, पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं. 3 मीटर हेडचा पंप 70 टक्के वेगाला 1.47 मीटर चढवू शकतो, 60 टक्क्यांना फक्त 1.08. उंची 1.05 मीटर असताना सहाव्या पायरीवर नोझलसमोर (पाणी टँकमध्ये सोडणाऱ्या तोंडासमोर) बोट धरलं तर पाण्याची नुसती हालचाल लागते. म्हणजे दहा पायऱ्यांपैकी उपयोगाच्या चारच, सात ते दहा. ‘मोठा घ्या आणि हळू चालवा’ हा सल्ला बरोबर आहे, पण हेड पुरतं की नाही हे बघूनच. पंप निवडताना आपली उंची मोजा, तिची अडीच ते तीन पट कमाल हेड असलेला पंप घ्या. लिटरचा आकडा त्यानंतर बघा.

पाइपमध्ये लोक कंजूषी करतात. पंपाच्या तोंडाला बसते म्हणून 16 मिलिमीटरची नळी वरपर्यंत नेली तर ताशी 1500 लिटरला तिच्यात पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर होतो आणि दर मीटर लांबीला साधारण 30 सेंटीमीटर हेड घर्षणातच जातं. एक इंची यूपीव्हीसीमध्ये तेच नुकसान मीटरला तीन-चार सेंटीमीटर. एक इंची आणि पाऊण इंची पाइपमध्ये घर्षणाचा फरक सुमारे तिप्पट आहे, पैशांचा फरक मात्र किरकोळ. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची पाइप, दोन एल्बो, एक युनियन (खोलता येणारा जोड), एफटीए (आतून आटे असलेला जोड) आणि टेफ्लॉन टेप एवढंच लागतं. युनियन मात्र टाळू नका. ती नसेल तर दर वेळी पंप काढायला पाइप कापावा लागतो, आणि मग पंप धुणं पुढे ढकललं जातं. पितळी व्हॉल्व्ह किंवा पितळी निपल अजिबात नको. खाऱ्या पाण्यात पितळेतलं तांबं सुटतं, आणि कोळंबी, गोगलगाई, कोरल यांना तांबं थोडंही चालत नाही. पंप आणि कडक पाइप यांच्यात 15 सेंटीमीटर मऊ सिलिकॉन नळी टाका. पंपाची थरथर पाइपमधून काचेत आणि काचेतून भिंतीत जाते, रात्री शेजारच्या खोलीत ती ऐकू येते. नळी टाकल्यावर या पंपाचा आवाज कॅबिनेट बंद केल्यावर जवळजवळ नाहीच.

आता नऊ महिन्यांत काय काय झालं.

पहिले दोन महिने प्रवाह ठाम राहिला. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून गुरगुर सुरू झाली. इथे दोन पाइपांचा हर्बी ओव्हरफ्लो आहे. मुख्य पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनसारखा चालतो आणि खालच्या गेट व्हॉल्व्हने तो रिटर्नच्या प्रवाहाशी जुळवलेला असतो. रिटर्न मंदावला की सायफन येतं त्यापेक्षा जास्त पाणी ओढतो, पेटीतली पातळी उतरते आणि पाइप हवा गिळायला लागतो. अशा वेळी हात गेट व्हॉल्व्हकडे जातो, पण व्हॉल्व्ह बिघडलेला नसतो. जग लावून मोजलं तर 12.5 सेकंदांचे 15 झाले होते, म्हणजे 1440 चे 1200 लिटर. व्हॉल्व्ह अर्धा फेरा आवळला असता तर आवाज थांबला असता आणि पंप आणखी महिनाभर तसाच चुनखडीत फिरत राहिला असता.

पंप उघडल्यावर कारण समोरच होतं. इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांच्या) चुंबकावर आणि तो ज्या खोबणीत फिरतो तिच्या भिंतीवर पांढरा, खरखरीत थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघणारा. टँकमध्ये कॅल्शियम 430 पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) 8.5 डीकेएच ठेवतो. असं पाणी जिथे गरम होतं तिथे कॅल्शियम कार्बोनेट आधी बसतं, आणि संपमधली हीटरखालोखाल गरम जागा म्हणजे पंपाचा गाभा. त्यात ठरावीक मात्रेत द्रावण सोडणाऱ्या डोसिंग पंपाची अल्कलिनिटीची नळी रिटर्नच्या कप्प्यात सोडलेली होती. दाट द्रावण थेट पंपाच्या तोंडाशी जात होतं. ती नळी उचलून पहिल्या कप्प्यात, ओव्हरफ्लोचं पाणी पडतं तिथे लावली. पुढच्या तीन महिन्यांनी मोजलं तर 15 ऐवजी 13.5 सेकंद. पंप तोच, पाणी तेच, फक्त नळीची जागा बदलली.

सातव्या पायरीवर ही घट लवकर दिसते कारण तिथे हाताशी हेड फक्त 42 सेंटीमीटर जास्तीचं आहे. आठवर नेलं की ते 87 होतं आणि घट लपते. म्हणून प्रवाह कमी वाटला की पायरी वाढवू नका, आधी मोजा. जग दर वेळी एकाच उंचीवर धरा, तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. एका सेकंदाची चूक म्हणजे ताशी शंभर लिटरचा फरक.

धुण्याची पद्धत: बादलीत 5 लिटर पाणी, त्यात 300 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त म्हणून मिळतं ते. पंप त्यात बुडवून कमी वेगावर 45 मिनिटं चालवायचा. फेस येतो, तो थांबला की चुना संपला असं समजा. मग पुढचं झाकण फिरवून काढा, इंपेलर सरळ रेषेत बाहेर ओढा. तिरका ओढलात तर सिरॅमिकचा दांडा मोडतो. तो काचेसारखा ठिसूळ असतो आणि मोडताना टक् असा बारीकसा आवाज येतो. दुसऱ्या साफसफाईत इथे तेच झालं. दांड्याच्या टोकाचे दोन रबरी बुश बेसिनवर धुऊ नका, जाळीतून सहज निसटतात. बादलीतच धुवा. खोबण जुन्या टूथब्रशने घासा, चुंबकावरच्या आवरणाला तडा किंवा फुगा आहे का बघा. आवरण फुटलं की खारं पाणी आत जाऊन चुंबक गंजतो, फुगतो आणि पंप अडकतो, आणि तोवर गंज टँकमध्ये उतरलेला असतो. असा इंपेलर धुऊन परत लावायचा नाही. शेवटी साध्या पाण्यात दहा मिनिटं चालवा आणि मगच संपमध्ये सोडा. सगळं मिळून दीड तास, दर तीन महिन्यांनी.

पाचव्या महिन्यात पंप दोनदा आपोआप थांबला. पंपात दोष नव्हता. केबल आणि कंट्रोलर जोडणाऱ्या पिनवर हिरवट मीठ चढलं होतं. वायरीवरून ओल हळूहळू सरकते, सुकते, मीठ मागे राहतं, आणि बंद कॅबिनेटमध्ये दमटपणा कायमचाच. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, कंट्रोलर कॅबिनेटच्या बाहेर टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर टांगला आणि वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब कनेक्टरपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतो. त्यानंतर तक्रार नाही. डीसी पंपात पहिला मरतो तो बहुतेक वेळा कंट्रोलर, म्हणून तो वेगळा विकत मिळतो का हे घेतानाच विचारा.

वीज गेल्यावर काय होतं हे पंप बसवल्या दिवशीच मुद्दाम प्लग काढून बघा. पंप थांबला की नोझलमधून पाणी उलटं सायफन होऊन संपमध्ये येतं, नोझल हवेत उघडं पडेपर्यंत. या टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे 6 लिटर. नोझल अडीच सेंटीमीटर खाली आहे, तेव्हा 15 लिटर, ओव्हरफ्लोच्या पेटीतले आणि पाइपमधले मिळून 19. संपमध्ये ती पातळी सहा-साडेसहा सेंटीमीटर वाढते, तेवढी जागा कायम रिकामी असायला हवी. नोझल आठ सेंटीमीटर खाली ठेवलं असतं तर 48 लिटर उतरले असते आणि संप भरून लाकडी कॅबिनेटमध्ये पाणी झालं असतं. सायफन तोडायला पाइपला भोक पाडतात, ते कोरलाइन शेवाळाने बुजतं. चेक व्हॉल्व्हची (पाणी उलटं येऊ न देणारी) झडप अडकायलाही एक गोगलगाय पुरते. दोन्ही लावा, पण हिशोब ती नाहीत असं धरूनच करा.

वीज परतली की हा पंप आधीच्याच पायरीवर, काही सेकंदांत हळूहळू वेग घेत सुरू होतो. काही कंट्रोलर बंद अवस्थेतच राहतात, दुकानात प्लग काढून-लावून हे तपासून घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर अडचण आली नाही. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर 230 व्होल्टचे एसी पंप घुमतात आणि तापतात, डीसी पंपाचा ॲडॅप्टर मात्र सहसा चालतो. इन्व्हर्टरवर एकच वस्तू लावता येत असेल तर आधी वेव्हमेकर लावा. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की ऑक्सिजन टिकतो, रिटर्न दोन तास थांबला तरी चालतं.

विजेचं म्हणाल तर सातव्या पायरीवर भिंतीच्या प्लगवर 18 वॉट दिसतात, महिन्याला 13 युनिट. ताशी 2700 लिटरच्या एसी पंपाला साधारण 45 वॉट लागतात, ते 32 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात 300 युनिटच्या पुढे दर चढतो, आणि रीफ टँक असलेलं घर उन्हाळ्यात त्या रेषेच्या आसपासच असतं. त्याहून मोठा मुद्दा उष्णतेचा. बुडवलेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. 350 लिटर पाण्यात जास्तीचे 40 वॉट म्हणजे तासाला साधारण दशांश अंश, बाहेर पडायला वाट नसेल तर. मे महिन्यात खोली 33 अंशांवर असताना हे जाणवतं.

मे महिन्यात पाणी गार ठेवायला लावलेल्या पंख्यांमुळे बाष्पीभवन रोज पाच-सहा लिटर होतं आणि ते सगळं एकट्या रिटर्नच्या कप्प्यात दिसतं, कारण बाकी कप्प्यांची पातळी भिंती धरून ठेवतात. कप्पा 25×40 चा आहे, एक लिटर म्हणजे एक सेंटीमीटर. आठ सेंटीमीटर उतरलं की पंपाच्या तोंडावर भोवरा होतो आणि टँकमध्ये धुक्यासारखे बारीक बुडबुडे येतात. शिवाय पातळी उतरते तेवढी चढण वाढते, सातव्या पायरीच्या 42 सेंटीमीटरमधून ते आठ वजा. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) नसेल तर दोन दिवस बाहेरगावी जाणंही कठीण. जूनमध्ये हवा दमट झाली की बाष्पीभवन निम्म्यावर येतं, पण पंख्यांचा गारवाही तितकाच कमी होतो, त्यामुळे तापमानाकडे पावसाळ्यातही लक्ष ठेवा.

पंप 24 व्होल्टचा असला तरी हीटर आणि स्किमर 230 व्होल्टचेच आहेत, तेव्हा टँकच्या बोर्डाला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

दोन फुटी टँकला हा पंप मोठा होतो, तिथे 15-20 वॉटचा साधा एसी पंप बरा. संप ड्राय बाल्कनीत आणि पाइप चार-पाच मीटर असेल तर 3 मीटर हेड अपुरं पडेल, 5 मीटरचा बघा. घेताना पंपाबरोबरच इंपेलरचा पूर्ण संच (दांडा, बुश आणि चुंबकासकट) त्याच दिवशी घ्या. दुकानदार ‘नंतर मागवून देतो’ म्हणाला तर पंपही तिथून घेऊ नका. दांडा मोडला तेव्हा सुटा दांडा मिळायला अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस टँक जुन्या 35 वॉटच्या एसी पंपावर काढावे लागले. तो पंप अजून धुऊन, कोरडा करून, एफटीए लावून कॅबिनेटमध्ये तयार ठेवला आहे.