२५ लिटरचा गिझर + युनिट मोजणारा स्मार्ट प्लग : पावसाळ्यापासून मेपर्यंतचा अनुभव

पुण्यात घर तापवावं लागत नाही, पाणी मात्र तापवावंच लागतं. गिझर पाच स्टारचा, २००० वॅटचा. प्लग १६ अँपियरचाच घ्या. हा लोड जवळपास ९ अँपियर ओढतो, ६ अँपियरच्या सॉकेटचं ते काम नाही.

थंडीत २० अंशांचं २५ लिटर पाणी ५५ पर्यंत न्यायला साधारण एक युनिट आणि अर्धा तास लागतो. एवढं तर लागणारच. खरी मेख पुढे आहे. आमच्याकडे बाबांची (सासऱ्यांची) आंघोळ साडेपाचला, मुलाची सातला, माझी घरूनच काम असल्यामुळे दहाला आणि दीर हिंजवडीची सेकंड शिफ्ट करून येतात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. मधल्या तासांत नळ कुणी उघडत नाही, तरी टाकीतली उष्णता बाहेर झिरपते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल चालू करतो. ॲपमधल्या आलेखावर ते स्पष्ट दिसतं. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना पहाटे अभ्यंगस्नानं एकापाठोपाठ एक झाली आणि माणशी युनिटं सगळ्यांत कमी त्याच दिवशी लागली!

थंड देशांत घरं तापवण्याचंही असंच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एकसारखी घरं तपासली. काही घरांना इतरांच्या दुपटीहून जास्त इंधन लागत होतं. राहणारी माणसं बदलली की त्याच घराचा वापरही बदलायचा.

आता प्लगवर लावलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गिझर पहाटे पाच ते साडेसात चालतो, माझी आंघोळ त्यातच होते आणि रात्री साडेबारानंतर फक्त अर्धा तास. दिरांना थांबावं लागत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. दमून आलेल्या माणसाला वीज वाचवण्यासाठी गार पाणी देणं मला पटत नाही.

प्लगचा त्रास एकच. वीज जाऊन आली की वायफाय जोडलं जाईपर्यंत त्याचं वेळापत्रक चुकतं. उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं, त्याचे क्षार कॉइलवर बसतात, म्हणून वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या.

घेण्याआधी घरातल्या आंघोळीच्या वेळा कागदावर लिहून काढा. गिझरचे स्टार ठरतात ते टाकी नुसती गरम ठेवताना किती वीज जाते यावर. वेळा विखुरलेल्या असतील आणि गिझर दिवसभर चालू राहणार असेल तर पाच स्टारला जास्तीचे पैसे जरूर द्या. सगळे तासाभरात उरकत असतील तर स्टारचा फरक किरकोळ. एकट्या माणसाला ३ लिटरचा इन्स्टंटही पुरतो, फक्त डिसेंबरात बादली भरायला वेळ लागतो.