फोनवरचं ट्रेनिंग: बडोद्याच्या कारखान्यातला नऊ महिन्यांचा अनुभव

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात टेस्टिंग विभाग बघते. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे वर्गातलं ट्रेनिंग बंद झालं आणि सगळ्यांच्या फोनवर एक ट्रेनिंग ॲप आलं. ॲपचं नाव लिहीत नाही. या जातीची ॲप्स साधारण सारखीच असतात, आणि मला सांगायचं आहे ते पद्धतीबद्दल. नऊ महिने मी स्वतः वापरलं, माझ्या हाताखालच्या चौदा जणांकडून वापरून घेतलं. तुमच्या कंपनीत असं काही येऊ घातलं असेल तर हे वाचून मग ठरवा.

आधीची पद्धत तुम्हालाही ओळखीची असेल. वर्षातून दोनदा कँटीनमध्ये प्रोजेक्टर लागायचा, बाहेरून कोणीतरी साहेब यायचे, दुपारभर स्लाइड चालायच्या, शेवटी हजेरीच्या कागदावर सह्या. ऑडिटच्या वेळी तो कागद फाइलमधून निघायचा. शिकलेलं मात्र आठवड्यात पुसलं जायचं, आणि यात माणसांचा दोष नव्हता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं: पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सगळ्यात वेगाने निसटतं, नंतर तो वेग मंदावतो. आम्ही सहा महिन्यांनी एकदा शिकवत होतो. काय उरणार?

तरीही ॲपचे पहिले तीन महिने फुकट गेले, हे आधी स्पष्ट सांगते. तयार कोर्स इंग्रजीत होते, त्यावर मशीनने केलेलं हिंदी आणि गुजराती भाषांतर. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं ‘ब्रेकडाउन व्होल्टेज’, म्हणजे ज्या व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते ते, हिंदीत ‘खराबी वाला वोल्टेज’ झालं होतं. आमचे लोक शॉपवर, म्हणजे मशीनपाशी काम करताना, ‘बीडीव्ही’ म्हणतात, ते कोणत्याही भाषेत तेच. त्यामुळे व्हिडिओ कशाबद्दल आहे तेच कळेना. वर हे सगळं घरी बसून, स्वतःच्या डेटावर बघायचं. आठ तास उभं राहून घरी गेलेल्या माणसाने रात्री जेवण झाल्यावर कंपनीचे व्हिडिओ का बघावेत? मला हे मनापासून अन्यायाचं वाटलं आणि मी मीटिंगमध्ये तसं बोलले. त्यात पॉइंट्सची यादी. पहिला नंबर यावा म्हणून मुलं व्हिडिओ पळवायची आणि अंदाजाने बटणं दाबायची. एकाने तर घरी लहान भावाला फोन देऊन कोर्स पुरा करवला.

मग तीन गोष्टी बदलल्या. रोज शिफ्टच्या सुरुवातीला, टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीच्या) आधी दहा मिनिटं ठरवून दिली, पगारी वेळेतली, कंपनीच्या वाय-फायवर. पॉइंट्सची यादी बंद केली. आणि तयार कोर्स बाजूला ठेवून आम्ही आमचे व्हिडिओ काढले: आमच्याच मशीनवर, आमच्याच माणसाच्या हातांचे, दोन मिनिटांच्या आतले, शॉपवर बोलतो त्या गुजराती-हिंदीत. बडोद्यात तर ही गोष्ट कोणाला पटवावी लागू नये. इथे १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, तेव्हा कारागिरांना धंदेशिक्षण त्यांच्याच भाषेतून मिळावं असा पहिले प्रिन्सिपॉल त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. दांडिया बाजारातून कामावर येताना मी रोज त्या इमारतीवरून जाते. इतक्या वर्षांपूर्वी ज्यांना हे कळत होतं त्यांच्या गावात आपण कामगाराला मशीनचं हिंदी ऐकवतो, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

पण खरा फरक व्हिडिओने पडला नाही, प्रश्नांनी पडला. ॲपमध्ये एक सोय आहे: आज बघितलेल्या गोष्टीवर दोन दिवसांनी एक प्रश्न येतो, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकलात तर तो लवकर परत येतो. इतकंच.

माझ्या टेबलावरचं उदाहरण देते. तेलाची बीडीव्ही चाचणी करताना दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिमी अंतर ठेवतात आणि ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज चढवत नेतात. अशी सहा रीडिंग घ्यायची आणि सरासरी काढायची. कपात तेल ओतल्यावर साधारण पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे बुडबुडे वर येतात. प्रत्येक ठिणगीनंतर परत दोन मिनिटं थांबायचं, कारण ठिणगीने तेलात काजळी आणि वायू तयार होतो, तो इलेक्ट्रोडमधून बाजूला जायला हवा. वर्गात हे दरवर्षी सांगितलं जायचं. तरी संध्याकाळी डिस्पॅचची घाई असली की रीडिंग एकामागून एक घेतली जायची. मग आकडे वरखाली व्हायचे, चांगल्या तेलावरही संशय यायचा आणि टँक पुन्हा फिल्टरला लावायचा.

आम्ही यावर दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला, त्यात ठिणगीनंतर कपात उठणारा काळा धूसर ढग अगदी जवळून दाखवला. मग प्रश्न सुरू झाले. पहिल्या फेरीला चौदापैकी पाच जणांचं उत्तर बरोबर. महिन्याच्या फेरीला बारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एका संध्याकाळी मी मागून आले तर आमचा सगळ्यात घाईचा अप्रेंटिस हात मागे बांधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. मी काही बोलले नाही. त्याने दोन मिनिटं पुरी होऊ दिली आणि मगच बटण दाबलं.

असं का होतं ते मी नंतर वाचलं. रोडिगर आणि कारपिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणूनच व्हिडिओ संपल्या संपल्या घेतलेली परीक्षा आणि तिचं सर्टिफिकेट यावर माझा अजिबात विश्वास राहिलेला नाही. दोन आठवड्यांनी विचारा.

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर लावून खोटं पण खऱ्यासारखं दृश्य दाखवणारा, हेडसेटही एक महिना ट्रायलला आला होता. लाइन बंद करून कुलूप-टॅग लावायचा सराव त्यात छान होतो, चूक केली तर समोर भडका दिसतो आणि माणूस दचकतो. पण एकच हेडसेट, एकावेळी एकच माणूस, उन्हाळ्यात घामाने ओला. आम्ही घेतला नाही.

आता जे जमलं नाही ते. वाइंडिंगवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनतात तिथे, कॉपरच्या पट्टीला कागद गुंडाळायचा असतो. त्याचा ताण बोटांना कळावा लागतो. सैल राहिला तर कागदाखाली हवा अडकते, जास्त ओढला तर तो फाटतो. आमचे वाइंडिंगवरचे काका बावीस वर्षं हे करतात. त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. एका नव्या मुलाला प्रश्नांमध्ये पैकीच्या पैकी मार्क होते आणि त्याने केलेल्या पहिल्या कॉइलचा कागद नखाने सरकत होता. काकांनी त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून अर्धा तास गुंडाळून घेतला, तेव्हा कुठे त्याच्या हाताला ते कळायला लागलं. यावर ॲपकडे काहीही उपाय नाही, आणि विकायला येणारे तसं सांगत नाहीत.

हिशोबाचीही अडचण आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात उतरलं का, आणि कामाचा निकाल सुधारला का. ॲपचा डॅशबोर्ड पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो. एचआरला त्यातले हिरवे गोल दिसतात आणि तेवढ्यावर ते खूश असतात. म्हणून मी टेबलाजवळ वही ठेवली आहे. नव्या माणसाने तेच काम माझ्यासमोर तीन वेगवेगळ्या दिवशी नीट केलं, तरच त्याच्या नावापुढे सही करते. आमच्याकडे तेलाचे टँक फिल्टरला परत जाणं कमी झालं आहे, हे मला ॲपवरून कळलं नाही, त्या वहीवरून कळलं.

दुसऱ्या वर्षाचे पैसे भरायचे का, असं मला मागच्या आठवड्यात विचारलं. मी हो म्हटलं, पण अट घातली की वाइंडिंगच्या काकांना रोज एक तास नव्या मुलांसाठी मोकळा ठेवायचा आणि तो तास त्यांच्या प्रॉडक्शनमध्ये मोजायचा. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर आम्ही ब्रीदरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातल्या, सिलिका जेलचा व्हिडिओ काढतोय. निळं जेल ओलावा शोषून गुलाबी होत जातं, त्याचे फोटो पावसाळाभर दर सोमवारी एकाच जागेवरून काढून ठेवले आहेत.